मांडणीच्या खाचा बसत नाहीत? करवतीला दोष देण्याआधी फळीची जाडी मोजा

एकमेकांत अडकवायच्या फळ्यांच्या मांडणीबद्दल, म्हणजे उभ्या आणि आडव्या फळीला अर्धी-अर्धी खाच मारून स्क्रूशिवाय उभ्या राहणाऱ्या मांडणीबद्दल, तक्रारी फिरून फिरून त्याच येतात. पहिली: प्रत्येक खाच सुटी तपासली तेव्हा बसत होती, सगळं जोडायला घेतलं तर अर्ध्यावर अडलं. दुसरी: एप्रिलमध्ये हाताने सरकणारी फळी जुलैत हलेनाच. तिसरी: खाचा ढिल्या, मांडणी लंगडते, पुस्तक काढलं तरी डुलते.

गिऱ्हाईक म्हणतं मेस्त्रीचा हात बसलेला नाही. मेस्त्री म्हणतो प्लाय खराब होता. बहुतेक वेळा दोघांचंही म्हणणं अर्धवट असतं. खाच चुकते ती कापताना कमी, मापताना जास्त. आणि आपल्या भागात त्यात हवामानाची भर पडते. एकाच बेळगाव जिल्ह्यात अथणीला वर्षाचा पाऊस ५००-६०० मिमीच्या आसपास, बेळगाव शहरात १२०० च्या वर, आणि खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे गेलात की शहराच्या काही पट. अथणीच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेली मांडणी टेम्पोत घालून खानापूरला नेली तर आठ-पंधरा दिवसांत ती वेगळी वागायला लागणार, त्यात नवल नाही.

आधी मापाचा घोळ

आपल्याकडे प्लाय विकला जातो मिमीत, मेस्त्री बोलतो सुतात, आणि गिऱ्हाईक सांगतं फुटात. १८ मिमीच्या प्लायला कारागीर सरळ 'पाऊण इंची' म्हणतो आणि सहा सुतांची खाच मारतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिमी. सहा सूत म्हणजे १९ मिमी. म्हणजे करवत अगदी रेघेवर चालली तरी खाच १ मिमीने सैल. वर प्लाय खरोखर १८ चा असेल याचीही खात्री नाही. साध्या प्लायसाठी असलेल्या आयएस ३०३ या भारतीय मानकाच्या १९८९ च्या आवृत्तीत ६ मिमी आणि त्यावरच्या जाडीला ५ टक्के कमी-जास्त चालवून घेतलं होतं. १८ च्या ५ टक्के म्हणजे ०.९. तेव्हा १७.१ मिमीचा प्लायही कागदोपत्री १८ चाच. तो १९ च्या खाचेत घातला की जवळजवळ २ मिमी फट उरते, आणि मग मांडणी डुलणार नाही तर काय होणार?

म्हणून टेप बाजूला ठेवा आणि व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायचं साधन, घ्या. साधा स्टीलचा असला तरी पुरतो. एका फळीची जाडी एका जागी मोजून भागत नाही. ज्या जागी खाच बसणार आहे तिथे, काठाशी आणि मध्ये, दोन्हीकडे मोजा. एकाच शीटमध्ये काठाकडे आणि पोटात जाडी वेगळी सापडते. आणि दोन शीट वेगवेगळ्या वेळी आणली असतील तर ती एकसारखी आहेत असं धरूनच चालू नका. उभ्या फळ्या एका शीटच्या आणि आडव्या दुसऱ्या शीटच्या असतील तर लक्षात ठेवा: उभ्या फळीतल्या खाचेची रुंदी आडव्या फळीच्या जाडीवर ठरते, आणि आडवीतल्या खाचेची उभीच्या. वाचताना हे सोपं वाटतं, पण घाईत सर्रास उलटं होतं.

सनमायका लावायची असेल तर ती खाच मारायच्या आधी लागली पाहिजे. दोन्ही बाजूंना १-१ मिमीची सनमायका आणि मधला फेविकॉलचा थर धरला तर १७.५ चा प्लाय १९.७ पर्यंत जातो. आतल्या बाजूला लायनर, म्हणजे पातळ सनमायका, लावत असाल तर तो वेगळा मोजा. पुढच्या काठाच्या पट्टीचंही तसंच: खाच मारून झाल्यावर २ मिमीची पट्टी चिकटवली की फळीची रुंदी वाढते आणि निम्म्याचं गणित बिघडतं. आधी पट्टी, मग रुंदीचा निम्मा, मग खाच.

फळी फुगते, खाच फुगत नाही

पावसाळ्याच्या तक्रारीचं मूळ इथे आहे, आणि चाळीस वर्षं लाकडात काढलेले मेस्त्रीही ते नेहमी शब्दांत सांगत नाहीत, हाताने मात्र त्यांना ते बरोबर कळतं. "खाच हाय तशीच हाय की, फळीच फुगल्या," एवढंच ते म्हणतात, आणि ते शंभर टक्के खरं असतं.

लाकूड तिन्ही दिशांनी सारखं फुगत नाही. सागवान ओलं असताना घेतलं आणि पूर्ण सुकेपर्यंत मोजलं तर वर्षवलयांच्या दिशेने ते साधारण ५ ते ६ टक्के आखडतं, गाभ्यापासून सालीकडे २ ते ३ टक्के, आणि लांबीत फार तर ०.३ टक्के, म्हणजे जवळजवळ नाहीच. आता खाचेकडे बघा. फळीच्या लांबीच्या दिशेने मोजली जाते ती खाचेची रुंदी. लांबीत लाकूड हलत नाही, त्यामुळे खाच बारा महिने तेवढीच राहते. त्या खाचेत बसते ती समोरच्या फळीची जाडी, आणि जाडी मात्र रेषांना, म्हणजे लाकडाच्या तंतूंना, आडव्या दिशेची, हवेबरोबर कमी-जास्त होणारी. घरातल्या लाकडाचा ओलावा उन्हाळ्यात ८-१० टक्क्यांवर असतो, भर पावसात १५-१६ वर जातो. एवढ्या फरकाला २२ मिमी जाडीची सागवानी फळी ०.१ ते ०.२५ मिमीने जाड होते. ती कशी चिरलेली आहे त्यावर अवलंबून. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण झेरॉक्सचा कागद ०.१ मिमीचा असतो, आणि घट्ट बसलेल्या खाचेत दोन कागद सारून बघा, मग कळेल.

सागवान त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. आंबा आणि ऐन यांच्या मानाने त्याचं फुगणं-आखडणं कमी. प्लाय रुंदीत आणि लांबीत हलत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण जाडीत तोही फुगतो. १८ मिमीच्या प्लायला पावसाळ्यात पाव मिमीची वाढ धरून चालावं. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची, खाच तर ओल्या भिंतीजवळ मारूच नये असं माझं मत आहे. एकदा कडा फुगली की ती सुकल्यावरही पूर्ववत होत नाही.

यावरून खाच किती सैल ठेवायची ते महिन्यावर ठरतं. मार्च ते मे या काळात लाकडी फळीला खाच मारत असाल तर जाडीपेक्षा ०.३ ते ०.४ मिमी जास्त ठेवा. ती हाताला सैल लागेल, लागू दे. जुलै-ऑगस्टमध्ये मारत असाल तर फळी तेव्हा फुगलेलीच आहे, म्हणून हाताच्या दाबाने जेमतेम सरकेल इतकी घट्ट मारा. दिवाळीनंतर ती आपोआप मोकळी होते. प्लायला दोन्ही वेळी ०.२ ते ०.३ पुरतं. आणि वीस-पंचवीस खाचा एकदम जुळायच्या असतील तर वरच्या आकड्यांत आणखी थोडं, कारण सगळ्या खाचा एका रेघेत येतच नाहीत.

पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) नंतर मारणार असाल तर तो थरही जाडीत मिळवा. खाचेच्या आत पॉलिश जाऊ देऊ नका, तिथे चिकटपट्टी लावून ठेवा.

अर्ध्यावर अडलं तर

सुटी खाच बसते आणि पूर्ण जोडणी अडते, याचं नव्वद टक्के वेळा कारण खाचेची रुंदी नसून खाचांमधलं अंतर असतं. पहिल्या खाचेपासून दुसरी मोजली, दुसरीपासून तिसरी, आणि प्रत्येक वेळी अर्धा मिमी चुकला, तर पाचव्या खाचेपर्यंत दोन मिमी जमा होतात. फळी मग एका उभ्या फळीला डावीकडे ओढते आणि दुसरीला उजवीकडे ढकलते, आणि मध्येच फसते.

उपाय जुनाच आहे. सगळ्या उभ्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून, वरची टोकं एका रेघेत आणून, सी-क्लॅम्पने आवळा. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून सगळ्यांवर एकदम रेघ ओढा. टेपचं शून्य एकाच टोकाला धरा आणि सगळी मापं तिथूनच घ्या. मधून मोजायला सुरुवात करू नका. आडव्या फळ्यांचंही तेच. मग प्रत्येक फळीवर खडूने नंबर, 'पुढे' आणि 'वर' लिहा. खण सारखे नसतील आणि एक फळी उलटी लागली तर दुपार त्यातच जाते, आणि नंतर कोणीच कबूल करत नाही की ती उलटी होती.

रेघ पेन्सिलीने ओढत असाल तर टोक अणकुचीदार हवं. सुतारकामाच्या चपट्या पेन्सिलीची जाड रेघ अर्धा मिमीची असते. पटाशीच्या किंवा कागद कापायच्या कटरच्या टोकाने मारलेली रेघ सगळ्यात चांगली. आणि कापताना करवतीची जाडी रेघेच्या आत, म्हणजे टाकून द्यायच्या भागात गेली पाहिजे. चार इंची कटर मशीनचं पातं दीड ते दोन मिमी खातं; दोन्ही बाजूंना रेघेच्या बाहेरून गेलात तर खाच एकदम ३-४ मिमीने मोठी होते, आणि ती भरायला काहीच साधन उरत नाही.

कटर मशीनचा आणखी एक घोळ आहे, तो दिसत नाही म्हणून जास्त त्रास देतो. गोल पातं वरून रेघेपर्यंत पोहोचलं तरी फळीच्या खालच्या अंगाला ते मागेच राहतं. खाचेच्या तळाशी एक तिरका ओठ शिल्लक राहतो. वरून बघितलं तर माप बरोबर, पण फळी ८-१० मिमी बाहेर राहते. सगळ्याच खाचांत फळी सारखीच बाहेर राहत असेल तर हेच कारण समजा. कटर रेघेच्या आधीच थांबवा, उरलेलं हातकरवतीने कापा, आणि तळ पटाशीने दोन्ही अंगांनी निम्मा-निम्मा काढा. एकाच बाजूने ठोकलात तर पलीकडची कड उडते, प्लायची तर हमखास. राउटरने, म्हणजे फिरत्या बिटने खाच कोरणाऱ्या मशीनने, खाच काढलीत तर आतले कोपरे गोल राहतात, तेही पटाशीनेच चौकोनी करावे लागतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) कापून घेत असाल तर ड्रॉइंगमध्येच कोपऱ्याला छोटा गोल जास्तीचा काढायला सांगा. आणि फाइल देताना जाडीच्या जागी १८ लिहू नका, तुम्ही मोजलेला आकडा लिहा. मशीन सांगितलं तेवढंच कापतं.

खाच रुंदीला बरोबर, खोलीला बरोबर, तरी निम्म्यावर अडते, असं असेल तर गुण्या लावून बघा. हाताने धरलेलं कटर एका अंगाला कलतं आणि खाचेची भिंत तिरकी होते. सरळ पट्टी क्लॅम्प करून तिच्या कडेने मशीन चालवली तर हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. आणखी चांगलं म्हणजे जिग, म्हणजे मशीनला वाट दाखवणारा साचा. त्याच शीटचा एक कापलेला तुकडा दोन पट्ट्यांच्या मध्ये धरा, त्याच्या एका बाजूला सैलपणासाठी एक व्हिजिटिंग कार्ड घाला, ते साधारण ०.३ मिमीचं असतं, आणि पट्ट्या स्क्रूने पक्क्या करा. तुकडा आणि कार्ड काढून घ्या. आता त्या फटीत बेअरिंगवाली बिट लावून राउटर चालवा. एकही आकडा न मोजता खाच नेमकी येते, कारण माप आकड्यातून नाही, फळीतूनच आलेलं असतं.

जोडताना हातोडी लांब ठेवा

उभ्या फळ्या जमिनीवर पाठीवर आडव्या टाका, खाचा वर. आडवी फळी सगळ्या खाचांत एकेक बोट आत जाऊ द्या, मग एका टोकाला थोडं, दुसऱ्या टोकाला थोडं, मध्ये थोडं, असं ढकलत जा. एक टोक पुढे पळालं की फळी तिरकी होऊन आवळते, आणि मग खाच बरोबर असूनही जात नाही. मधली फळी आधी, वरची-खालची नंतर. ठोकावंच लागलं तर फळीवर लाकडाचा लांब तुकडा आडवा ठेवून त्यावर मोगरीने.

लाकडी फळीवर थेट हातोडी पडली तर नुसती खूण उमटून थांबत नाही. खाच फळीचे रेषे निम्म्यापर्यंत कापून टाकते, त्यामुळे दोन खाचांमधला तुकडा उरलेल्या फळीला फक्त रेषांच्या एका ओळीने धरलेला असतो. टोकाच्या खाचेपलीकडे तर तो अगदीच तकलादू. तिथे निदान दोन इंच लाकूड सोडा. घाव बसला की तो रेषेनुसार सरळ फुटतो. प्लायमध्ये आडवे थर असल्याने ही भीती कमी.

अडणारी जागा शोधायला सोपी युक्ती: फळीच्या दोन्ही अंगांना निळ्या खडूची पूड चोळा, हलक्या दाबाने आत घाला आणि काढा. खाचेच्या भिंतीवर जिथे निळा डाग आला तिथेच पटाशीची धार लावा, इतरत्र नाही. चपट्या लाकडी तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासलं तरी चालतं. शेवटी मेणबत्तीचा एक हात फिरवा.

पण हे सगळं कोरड्या हवेत. जुलैत अडलेली फळी जुलैत तासू नका. गिऱ्हाईक गणपतीच्या आधी पाहिजे म्हणून मागे लागतं, मेस्त्री पटाशी घेऊन अर्धा मिमी उडवतो, फळी झकास बसते, सगळे खूश. मार्चमध्ये फोन येतो की मांडणी खडखडते. आधीच बसवलेली असेल आणि निघत नसेल तर नोव्हेंबरपर्यंत तशीच राहू द्या. ती कुठे जात नाही.

सैल झालेल्याचं काय

फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून फट भरणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि तो वाया जातो. खाचेच्या भिंती म्हणजे आडवे कापलेले रेषे. तिथे डिंक शोषला जातो, धरत नाही. सुकल्यावर तो भुशाचा लगदा तडकतो आणि पुस्तकांवर सांडतो. त्यापेक्षा फट मोजा आणि तेवढ्या जाडीची व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी खाचेत न चिकटवता समोरच्या फळीच्या अंगाला चिकटवा. तिथे रेषे आडवे पडतात आणि चांगलं धरतं. ०.५ मिमीची फट असेल तर एका अंगाला एक पट्टी पुरे. १ मिमी असेल तर दोन्ही अंगांना एकेक, म्हणजे फळी मधोमध राहते. २ मिमीच्या वरची फट असेल तर ती फळीच दुसरी करा. पाचरी ठोकून ठेवलेल्या मांडण्या मी बघितल्या आहेत. पाचर एका खाचेला घट्ट करते आणि शेजारच्या दोन उघडते.

लंगडणं मात्र सगळं सैलपणामुळे नसतं. या जोडाचा स्वभावच असा की तो वरून येणारं वजन छान पेलतो, पण आडवा ढकला सोसत नाही. खाच कितीही नेमकी असली तरी मोठी मांडणी डुलणारच. पाठीला ४ किंवा ६ मिमीचा प्लाय स्क्रूने मारा, प्रश्न संपला. पाठ मारायची नसेल तर मागे एक तिरकी पट्टी, किंवा वरच्या फळीतून भिंतीत दोन रावळप्लग. पाठ मारणार असाल तर एक सोय मिळते: आडव्या फळ्यांच्या खाचा निम्म्यापेक्षा १-२ मिमी खोल ठेवता येतात, कारण फळी पाठीच्या प्लायला टेकून थांबते आणि पुढची कड सरळ राहते. पाठ नसेल तर खोली अगदी निम्मी हवी. उभ्या फळ्या प्लायच्या आणि आडव्या सागवानाच्या असतील तर पावसाळ्यात ३०० मिमीची सागवानी फळी रुंदीत ३ मिमीपर्यंत वाढते, प्लाय तसाच राहतो, आणि आडव्या फळीची कड पुढे डोकावते. ते दोष म्हणून घासू नका. किंवा सुरुवातीलाच आडवी फळी दोन-तीन मिमी आत ठेवा, म्हणजे दिसतच नाही.

अडीच फुटांपेक्षा रुंद खण पुस्तकांसाठी ठेवू नका, मध्ये एक उभी फळी वाढवा.

काम झाल्यावर प्रत्येक शीटचा हातभर तुकडा, त्यावर जाडी आणि महिना लिहून, घरमालकाकडेच द्या. पुढे एखादी फळी वाढवायची झाली किंवा मोडलेली बदलायची झाली तर वखारीत तो तुकडाच घेऊन जाता येतो. नवा प्लाय त्याला लावून बघा. नखाला पायरी लागली तर दुसरं शीट काढायला सांगा.